सोमवारचं औषध

पिंपळझिऱ्याच्या माळीपुऱ्यात आठ दिवसांत अकरा माणसं पटकीने गेली. बारावी शकुन. तिची सासू पार्बताबाई सोमवारी भल्या सकाळी अमरावतीत वामनरावांच्या दारात येऊन उभी राहिली. वकिली सोडून वामनरावांनी खासगी तपास धरला होता. उद्धव मास्तर त्यांचे जुने सोबती.

“मीच तिले म्हनलं, साहेबानं गेल्या सोमवारी विहिरीत औषध टाकलं, पी बिनघोर. मंग ते मेली काहून?”

“त्या सोमवारी तुम्ही विहिरीवर होता?”

“नऊच्या सुमारास. शेवंती धुतली.”

“धुतल्यावर फुलं कशी निघाली?”

“पांढरीफेक निंगाली, बजारात पुरी खपली.”

सून मेली आणि हे शेवंतीचं काय विचारतात! मास्तरांना वामनरावांचा रागच आला.

तिघांचा टांगा दहाला पिंपळझिऱ्यात पोचला. विहिरीचा तळ स्वच्छ दिसत होता. राखणदार नत्थुजी म्हणाला, “औषधाच्या वहीवर आंगठा मांगतला, म्या देल्ला. मले वाचता येते काय?”

आरोग्य निरीक्षक गोवर्धनने ती वही उघडली. दर सोमवारी, सकाळी आठ. “आजचंही टाकून झालं.” पान उलटणारी त्याची बोटं तपकिरी होती. पानाचा काथ असेल, मास्तरांनी मनाशी म्हटलं.

आरोग्य अधिकारी केशवरावांनी बंगल्यावर आगतस्वागत केलं. काचेच्या पेल्यांतल्या पाण्याला गुलाबी झाक होती. गुलाबपाणी समजून मास्तरांनी घोट घेतला. तुरट लागलं.

वामनरावांनी पेला तसाच खाली ठेवला आणि सगळ्यांना ओसरीवर बोलावून घेतलं.

“विहिरीचं लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, पाणी गुलाबी करतं. रंग काही तास टिकतो. आठला औषध पडलं, तर नऊला धुतलेली शेवंती पांढरी कशी? आज दहाला विहीर नितळ कशी? पण गोवर्धनच्या बोटांवर औषधाचे ताजे तपकिरी डाग आहेत. म्हणजे औषध टाकलं गेलं. कुठे? मास्तर, तुम्ही आत्ता प्यायलात ते काय होतं?”

मास्तरांनी हातातला गुलाबी पेला ओसरीच्या कडेला ठेवून दिला.

“बंगल्याच्या विहिरीत टाकायचा साहेबांचाच हुकूम होता,” गोवर्धन पुटपुटला.

केशवराव शांत होते. “आठवड्याला डबा एकच येतो. माझ्या घरात लेकरं आहेत.”

“शकुनच्या पोटात बी होतं,” पार्बताबाई म्हणाली.

वामनरावांनी सगळं सरकारला लिहून कळवलं. महिन्याने हुकूम आला. खोटा अंगठा दिल्याबद्दल नत्थुजी बडतर्फ, गोवर्धनला ताकीद. केशवरावांची अकोल्याला बदली, वरच्या हुद्द्यावर.

मास्तरांनी तो हुकूम पार्बताबाईला वाचून दाखवला. वाचताना त्यांची मान वर होईना. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत.

“मास्तर,” ती म्हणाली, “अकोल्याच्या बायाईले हे कोन सांगन?”