झिजलेला निळा

लाटकर सर एक जुनं पटल, म्हणजे स्क्रीन, दोन्ही हातांत धरून थेट प्रयोगशाळेत शिरले आणि खुर्चीवर बसल्यावरही त्यांनी ते मांडीवरच ठेवलं. वय बहात्तर. सांगलीच्या या प्रकाशद्रव्य संशोधन केंद्रातली निम्मी यंत्रं त्यांनीच मांडलेली, त्यामुळे त्यांना दारात अडवायची कुणाची छाती नव्हती.

"सर, टेबलावर ठेवा ना," डॉ. मुग्धा टिळेकर म्हणाली. ती एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी आणि आता या प्रयोगशाळेची प्रमुख.

"ठेवतो. आधी काय करणार ते नीट सांग. तोंडी परीक्षा आहे असं समज."

मुग्धाला हसू आलं. "दीप्तिपटलात सेंद्रिय रेणू उजळतात. लाल आणि हिरवे पुष्कळ टिकतात. निळा आधी जातो, कारण निळ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त, आणि ती त्याच रेणूला तोडते. अठरा वर्षांपूर्वी तुम्ही एक निळा रेणू बनवलात. वीज फार कमी खायचा."

"आणि झिजायचा पटकन. बारा पटलं केली, बाराही नापास. पुढे?"

"तो तुटत नव्हता, सर. त्यात एक कमजोर सांधा आहे. घरातल्या फ्यूजसारखा. ऊर्जा जास्त झाली की तेवढा सांधा सुटतो आणि बाकीचा रेणू वाचतो. हळूहळू ऐंशी अंशांपर्यंत तापवलं की सांधा पुन्हा जुळतो. पटल कोरं करकरीत. मग ते माणसापेक्षा जास्त जगेल."

सरांनी मांडीवरच्या पटलाकडे पाहिलं. ज्याला अठरा वर्षं ढ समजलं, तो वर्गात पहिला निघाला, हे पचवायला शिक्षकाला वेळ लागतोच.

"चार महिन्यांत भगभगीत उजेडावर झिजवलेल्या नमुन्यांवर हे सिद्ध झालंय," मुग्धा म्हणाली. "पण मान्यता देणारी समिती म्हणते, खऱ्या घरात, खऱ्या वर्षांनी झिजलेलं पटल दाखवा. बारांतली अकरा भंगारात गेली."

बारावं सरांच्या मांडीवर होतं.

ते त्यांनी तेव्हा परीक्षणासाठी घरी नेलं होतं. बेसिनच्या वर आरशासारखं लावलं, समोरचा माणूस पटलावर दिसावा म्हणून वर छोटा कॅमेरा बसवला. मोजमापासाठी चेहरा रोज एकाच जागी हवा, म्हणून खालच्या फरशीवर पिवळ्या रंगाने खूण केली आणि पत्नीला, हेमांगीला, सांगितलं, रोज सकाळी इथेच उभं राहून वेणीफणी करायची. परीक्षण एक महिन्याचं होतं. महिना संपला, सरांनी अहवाल लिहिला आणि ते पुढच्या रेणूच्या मागे लागले. परीक्षण संपलं हे हेमांगीला सांगायचं मात्र राहून गेलं. रेणूंचं आयुष्य तासातासाने मोजणाऱ्या माणसाचा हा विसरभोळेपणा. ती पंधरा वर्षं रोज त्या फरशीवर उभी राहिली. एकदा तिने विचारलंही, "अहो, अजून किती दिवस?" सर कागदातून मान वर न करता म्हणाले, "थोडेच."

तीन वर्षांपूर्वी ती गेली. फोटो शेकड्याने होते, पण प्रत्येकात ती फोटोपुरती हसलेली. पटलावर मात्र रोज त्याच जागी उजळून तिच्या चेहऱ्यापुरता निळा जास्त झिजला होता; सपाट करडा उजेड लावला की तिचा अंधूक चेहरा उमटायचा, हात वर, केसांत कंगवा, कुणी बघत नसताना ती असायची तशी. सर रोज दहा मिनिटं तो बघायचे. त्या दहा मिनिटांत आजूबाजूचा निळाही झिजायचा आणि चेहरा त्यात आणखी थोडा मिसळून जायचा. हे सरांइतकं कुणाला कळणार? तरी त्यांना बघितल्याशिवाय राहवत नसे.

"म्हणजे तू तिला पुसणार," सर म्हणाले.

"हो, सर. नको असेल तर देऊ नका. मिळालं नाही म्हणून समितीला सांगेन."

"वर्षभरात माझ्या बघण्यानेच ती जाईल. त्यापेक्षा तुझ्या कामाला येऊ दे." त्यांनी पटल टेबलावर ठेवलं, पण हात काढायला त्यांना वेळ लागला.

या वेळी वापरायचा रंगमापक अतिशय संवेदनशील, म्हणून खोलीत पूर्ण अंधार केला. पटलाला वीज जोडलेली नव्हती, खाली फक्त तापपट्टी होती. एक्केचाळीस अंशांवर पटल आपणहून निळसर उजळू लागलं.

"वीज कुठून येतेय?" सरांनी विचारलं.

"नाही येत." मुग्धा गोंधळली, मग सावकाश म्हणाली, "सांधा जुळताना अडकलेली ऊर्जा सोडतोय. प्रकाश म्हणून. आमचे नमुने नखाएवढे, आणि आम्ही दिवे लावून काम करायचो. दिसणार कसं?"

"म्हणजे जिथे झीज जास्त, तिथे उजेड जास्त."

निळ्या उजेडात हेमांगी उभी होती. पांढरे केस सगळ्यात लख्ख. सरांनी टेबलाची कड धरली.

"ताजे सांधे उथळ, ते आधी जुळतात," मुग्धा कुजबुजली. "जुने खोल रुतलेले, त्यांना उष्णता जास्त लागते."

त्यामुळे तापमान वर चढत गेलं तशी वर्षं मागे जाऊ लागली. पन्नासला भांगातली चांदी कमी झाली. साठला चष्मा गेला. सत्तरला गाल भरले. उजळलेलं प्रत्येक वर्ष विझत होतं आणि ते परत दिसणार नव्हतं.

"सर, इथे थांबवता येईल. उरलेलं तसंच राहील."

"आत राहील, पण असं उजळून मला दिसणार नाही. चालू दे."

एक गोष्ट त्यांना खटकत होती. इतकी वर्षं अंधूक चेहऱ्यात ती लक्षात आली नव्हती. हेमांगी मधोमध नव्हती. प्रत्येक वर्षात डावीकडेच उभी, उजवीकडे नुसती भिंत. "फरशीच्या मधोमध उभी राहा म्हणून सांगितलं होतं," ते जुन्या मास्तरी सुरात पुटपुटले. "पंधरा वर्षं चुकीची उभी राहिली."

अठ्ठ्याहत्तरला काळ्याभोर केसांची हेमांगी उजळली, मोकळेपणाने हसत. तिच्या उजवीकडे, त्या रिकाम्या जागेत, आणखी एक चेहरा होता. दाट मिशा, हसू दाबलेलं.

"हे कोण?" मुग्धाने विचारलं.

"पहिल्या महिन्यात नोंदी घ्यायला रोज मी तिच्या शेजारी उभा राहायचो. त्याच फरशीवर, खांद्याला खांदा लावून." सर चेहऱ्यांकडे बघतच म्हणाले. "महिना संपला आणि मी सकाळी सातलाच इकडे यायला लागलो."

दोन्ही चेहरे हळूहळू मंदावले. परत जुळलेल्या निळ्याचा रंगमापकावरचा आकडा नव्व्याण्णव टक्क्यांवर येऊन स्थिरावला. मुग्धाने तो मोठ्याने वाचला नाही.

"ती बरोबरच उभी होती, मुग्धा," सर अंधारात म्हणाले. "मी तिथून निघून गेलो होतो."