उन्हातली खुर्ची

माझ्या आईच्या खुर्चीवर एक अनोळखी माणूस बसला होता.

थंडी पडली की आमची शाळा अंगणात येते. वर्गात गारठलेल्या बोटांत पेन धरवत नाही. हजेरीच्या वेळी मफलर नाकापर्यंत ओढलेले, त्यामुळे ‘हजर’ नेमकं कोण म्हणालं ते कळत नाही. एकजण दोघांची हजेरी लावून मोकळा होतो. शाळा तासभर उशिरा भरते आणि धुकं विरलं की एकेक वर्ग उन्हात येऊन बसतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीपाशी सगळ्यात छान ऊन येतं. ती जागा आईच्या वर्गाची. आई भूगोल शिकवायची, मी त्याच शाळेत गणित.

पाऊस सरता सरता आई गेली. तिच्या जागी नवे सर आले, ते आदल्याच दिवशी रुजू झाले होते आणि मी रजेवर होते. मुलांनी नेहमीच्या सवयीनं खुर्ची बाहेर आणून ठेवली असणार, आणि तो बसला असणार. त्यात त्याचं काय चुकलं? पण हे मला नंतर सुचलं.

“उठता का जरा?” मी म्हणाले.

त्यानं वळून पाहिलं. “तुमचं ऊन अडवतोय का मी?”

“ही खुर्ची माझ्या आईची आहे.”

“अच्छा... मग त्या येईपर्यंत—”

पहिल्या रांगेतल्या मुलीनं मफलर डोळ्यांवर ओढला. तिच्याकडे पाहता पाहताच त्याला सगळं कळलं असावं. तो उठला, आणि उरलेला तास त्यानं उभ्यानं शिकवला.

दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेतलं स्टूल घेऊन आला. त्याचा एक पाय आखूड. नकाशाकडे हात केला की स्टूल डुगडुगायचं आणि सगळा वर्ग खुदकन हसायचा. खुर्ची शेजारी रिकामीच. सावली सरकत आली की मुलं उठायची, आधी खुर्ची उन्हात ओढायची, मग सरांचं स्टूल.

माझा वर्ग पलीकडेच बसायचा. एकदा मला राहवलं नाही. “रिकाम्या खुर्चीला ऊन कशाला?”

“मुलं म्हणतात, नियम आहे.”

“कसला नियम?”

“ते तुम्ही सांगायचं. विचारायचं होतं, पण माझ्या वर्गाला तुमची धास्ती वाटते.” मग स्टूल सावरत तो म्हणाला, “मलाही... थोडी.”

मग मी सांगितलं. सावली आली की आई विचारायची, ऊन कुठं गेलं रे? आणि सगळी मुलं आधी तिची खुर्ची उन्हात ओढत एका सुरात ओरडायची — ऊन तिथंच आहे बाई, आपण फिरलो. शेवटच्या शब्दाशी मी मफलरच्या टोकानं डोळे टिपले. तो लगेच दुसरीकडे बघायला लागला आणि हातावरचा खडू झटकत बसला... खडू होताच कुठे फारसा.

त्यानंतर आमचे वर्ग हळूहळू जवळ येत गेले. ऊनच तेवढं होतं, असं आम्ही दोघंही म्हणायचो.

“मॅडम, तुमचे त्रिकोण माझ्या वाळवंटात शिरतायत.”

“तुमच्या वाळवंटाला कुंपण घाला ना, सर.”

मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायची. मी फळ्याकडे वळायची आणि मफलर नाकापर्यंत ओढून घ्यायची. मफलरचा हाही एक उपयोग असतो, हे मला त्या हिवाळ्यात कळलं.

घरी मात्र काही बदललं नव्हतं. सकाळी चहाचं आधण दोन कपांचंच ठेवलं जायचं. एक कप मी प्यायची, दुसरा ओट्यावर निवत राहायचा.

एक दिवस धुकं हटलंच नाही. वर्ग आतच भरले, दारं लावून. मी खिडकीच्या काचेवर हात फिरवला तर अंगणात खुर्ची, आणि तो. मुलांनी सवयीनं बाहेर ठेवलेली ती खुर्ची तो स्वतःच्या मफलरनं पुसत होता. मग त्यानं ती उचलली, पण माझ्या खिडकीजवळच्या व्हरांड्याच्या दाराशी अडली. तिचे हात रुंद आहेत, दोघांनी तिरकी केल्याशिवाय ती आत जात नाही. तो एकटाच झटापट करत राहिला. मी जायला हवं होतं. चार पावलांवर तर होता... काचेवर पुन्हा वाफ धरली, आणि मी ती धरू दिली.

मग थंडी ओसरली. सूचना लागली: उद्यापासून शाळा नेहमीच्या वेळेवर, वर्ग आपापल्या खोल्यांत. त्याची खोली इमारतीच्या एका टोकाला, माझी दुसऱ्या.

शाळा सुटल्यावर अंगणात फक्त खुर्ची राहिली होती. मुलं उचलायला धावली तर तो म्हणाला, “जा रे घरी. आज मी नेतो.” मग माझ्याकडे न बघता, “दाराशी अडते ती. एकट्याला जमत नाही, मी करून पाहिलंय.”

“माहीत आहे,” मी म्हणाले. “मी पाहत होते.”

“काच पुसलेली दिसली होती.”

थंडी नसतानाही मी मफलर नाकापर्यंत ओढून घेतला आणि दुसरी बाजू धरली. दारात खुर्ची अडली. तो आत, मी बाहेर.

“उद्यापासून तुम्ही त्या टोकाला,” तो म्हणाला. “मी मुलांना समुद्र ओलांडायला शिकवतो, पण हा व्हरांडा... एकट्यानं ओलांडवेल असं वाटत नाही.”

“आधी खुर्ची तिरकी करा.”

“आणि मग?”

मी माझी बाजू उचलली. खुर्ची आत गेली. व्हरांडा ओलांडून आईच्या, म्हणजे आता त्याच्या, खोलीत, आईच्या टेबलामागे आम्ही ती ठेवली. तो लगेच बाजूला झाला, नेहमीसारखा. कोपऱ्यातलं डुगडुगं स्टूल ओढायला लागला.

“बसा,” मी म्हणाले.

तो थबकला. “इथं?”

“हो.”

तो अगदी कडेला बसला, पाहुण्यासारखा. “आणि तुम्ही?”

मी पहिल्या बाकावर बसले. गुडघे फळीला लागत होते.

“मला पूर्व-पश्चिम अजून नीट येत नाही,” मी म्हणाले. “आई घरी शिकवायची नाही. म्हणायची, वर्गात येऊन बस.”

खिडकीतून उतरतं ऊन टेबलावर आलं होतं. तो थोडा मागे सरकून नीट टेकून बसला.

“मग सुरुवात हजेरीपासून,” तो म्हणाला.

मी मफलर नाकावरून खाली घेतला.

“हजर.”