अजून अर्धा कप

पाळण्याला शेवटचा झोका देऊन वृषालीने घड्याळ पाहिलं. दुपारचे अडीच. आठ महिन्यांची ईरा फार तर अर्धा तास झोपायची. तेवढ्यात काम उरकायचं होतं.

त्या वर्षी कराडात घरोघरी 'अंगण' हा खेळ पोचला होता. संवेदन-टोप डोक्यावर चढवला, की खेळातले हातपाय आपले होत आणि खरे हातपाय झोपेतल्यासारखे सैल पडत. वृषालीने त्यात आपलं माहेर उभं केलं होतं आणि जुन्या चित्रफितींवरून आईसुद्धा. तीन वर्षांपूर्वी गेलेली आई तिथे हसायची, पदराला हात पुसायची. पण कुणी निघालं तर नुसती बघत राहायची. वृषालीला हे काही पटेना. आईने कधी कुणाला कोरडं जाऊ दिलं होतं?

म्हणून आज तिने खेळाची हत्यारपेटी उघडली आणि आयुष्यातली पहिली आज्ञावली लिहिली. अवघ्या दोन ओळी. पाहुणा निघताना दाराशी आला आणि त्याचा कप रिकामा नसला, तर दार उघडू नये. आईने म्हणावं, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." खाली एक चौकट होती: 'नवी आज्ञावली चालू असताना दाराखेरीज बाहेर पडता येणार नाही, हे मला मान्य आहे.' असल्या चौकटी वाचतं कोण? तिने खूण केली आणि टोप चढवला.

"आलीस? बस," आई म्हणाली. चहाला आल्याचा वास अगदी तोच. वृषालीचे डोळे भरून आले. दोन घोट घेऊन ती मुद्दाम दाराशी गेली.

"चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

जमलं की! वृषाली खुदकन हसली. मग तिने कडी ओढली, आणि हसू मावळलं. दार तिच्यासाठीही बंद होतं. खेळातल्या 'घरची माणसं' या यादीत एकच नाव होतं, आईचं. लग्न होऊन गेलेली लेक खेळाच्या लेखी पाहुणी होती.

बरं, चहा संपवू. कप अर्धा झाला आणि आईची किटली पुढे आली. "अजून अर्धा घे." हे वृषालीने लिहिलं नव्हतं, ते चित्रफितींतून आलं होतं. एकाही फितीत आईने कुणाचा कप रिकामा होऊ दिला नव्हता. वृषालीने घटाघटा पिऊन पाहिलं, कपावर हात धरून पाहिला. जमिनीवर ओतलेला चहा पुन्हा कपात दिसू लागला, कारण या खेळात सांडायची सोयच नव्हती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून यावा तसा ईराचा आवाज आला. आधी कुरकुर, मग टाहो. पाळण्याचा कठडा धरून उभं राहायला ती परवाच शिकली होती. वृषालीने टोप काढायला खरे हात उचलू पाहिले. बोटही हललं नाही. नवरा, शिरीष, सहाशिवाय येणार नव्हता.

"आई, सोड गं मला! दार उघड!"

"अजून अर्धा घे."

वृषाली तिच्या पायाशी बसून रडू लागली. जिला भेटायला जीव तळमळला होता, तिचाच आता संताप येत होता आणि त्या संतापाची लाजही वाटत होती.

किटली थांबली. आईने मान तिरकी केली.

"पोर रडतंय तिकडे," ती म्हणाली. "आणि तू चहा पीत काय बसलीस?"

तिने वृषालीच्या हातातला कप काढून घेतला, उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकला आणि उपडा ठेवला. दाराची कडी वाजली.

"जा, पळ."

वृषालीने पाळणा गाठला तेव्हा ईराचा एक पाय कठड्याबाहेर होता.

संध्याकाळी सगळं ऐकून शिरीष हादरलाच. त्याने हत्यारपेटी तपासली. बाहेरचा आवाज आईपर्यंत पोचेल अशी व्यवस्था कुठेच नव्हती.

"आज्ञावलीच काय, ते घरही पुसून टाक," तो म्हणाला. "माझं ऐक, वृषाली."

मांडीवर ईराला घेऊन वृषालीने बटणावर बोट ठेवलं, पण ते दाबवेना. आईला ऐकू येत असेल, तर गेले कित्येक महिने, टोप उतरवून आपण निघून आल्यावर, ती त्या बंद घरात एकटी काय काय ऐकत बसली असेल? आणि ते दार तिच्यासाठी कोण उघडणार?