समोरच्यांच्या डावात

त्यांच्या फलंदाजाने बेसबॉलचा चेंडू पार समुद्राच्या दिशेने धाडला आणि आमच्या स्टँडमध्ये — चक्क आमच्या! — कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी ट्रम्पेट मांडीवर टाकून शेजाऱ्याची दोन्ही मनगटं धरली.

"काय करताय?"

"फटका सुंदर होता," तो म्हणाला. मोडकं जपानी, भिजलेल्या भुवया.

"समोरच्यांचा डाव आहे. आता गप्प बसायचं, डबा खायचा. आपला डाव आला की घसा फोडायचा."

"आणि फटका सुंदर असला तर?"

"तर मनात."

"बरं... मनात." त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. मी अजून सोडलं नव्हतं.

लेवान त्याचं नाव. जॉर्जियाचा. आमच्या बंदरात जहाजांचं वेल्डिंग करायला आलेला.

*

आमचा डाव. ढोल, ट्रम्पेट. प्रत्येक फलंदाजाचं स्वतःचं गाणं. तो बाद होईपर्यंत वाजवत राहायचं. बोलणं बंद.

*

म्हणून आमचं जे काही झालं, ते समोरच्यांच्या डावात झालं.

उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा सोलताना. स्टँडमध्ये छत्रीला बंदी, तेव्हा एकच प्लास्टिक दोघांच्या डोक्यावर धरताना...

"तुमचा संघ नेहमी हरतो का?"

"नेहमी नाही. कधीकधी पावसामुळे सामना रद्द होतो."

"मग येता कशाला?"

"हरताना एकटं सोडायचं का त्यांना?"

तो हसता हसता थांबला. उन्हाळ्यापर्यंत त्याला सगळी गाणी पाठ झाली, आवाज कायमचा बसला, आणि 'तुम्ही' कधी गळून पडलं ते कळलंच नाही.

तिघे बाद झाले की डाव संपतो; पण चेंडू टाकणारा आमचा पिचर ढिसाळ असला की समोरच्यांचा डाव लांबायचा. ढोल वाजवणारे हिदाकासान कपाळाला हात लावायचे, आणि मी — मनात — अजून एक फटका... अजून एकच.

*

हंगामाचा शेवटचा सामना. भुरभुर पाऊस. लेवानचं काम संपलं होतं, उद्याचं विमान. मला एवढंच म्हणायचं होतं: जाऊ नकोस.

आणि नेमका त्याच दिवशी आमचा नवा पिचर पेटलेला!

पहिला बाद.

"लेवान, मला..."

दुसरा.

"बोल ना."

"उद्या तू —"

तिसरा. ढोल.

"चिनात्सु! झोपलीस का?" हिदाकासान ओरडले. "ट्रम्पेट!"

*

आमचा डाव. बोलणं बंद.

*

समोरच्यांचा शेवटचा डाव. आम्ही पुढे होतो. हे तिघे बाद झाले की सामनाच संपणार.

पहिला बाद. दुसरा.

मी ट्रम्पेट उचललं आणि वाजवलं. स्टँडमध्ये कुणालाच ठाऊक नसलेली चाल. रोज संध्याकाळी धक्क्यावर बसून मी एकटीने जुळवलेली.

सगळा स्टँड वळला.

"अगं, जनाची नाही तर मनाची तरी!" हिदाकासान गरजले. "समोरच्यांचा डाव चाललाय!"

या वेळी लेवानने माझी मनगटं धरली.

"हे गाणं कुणाचं?"

"आहे एक खेळाडू. चुकीच्या वेळी टाळ्या वाजवतो."

पाऊस त्याच्या भुवयांवरून गालावर उतरत होता.

"काल आईला कळवलं, येतो म्हणून. एकटी असते ती, चिनात्सु... दारातच उभी असेल. परवा वाजवलं असतंस तर —"

तिसरा बाद.

आम्ही जिंकलो. सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. त्या गर्दीत आमची मिठी कुणाला वेगळी वाटली नाही.

*

वसंत ऋतू आला, नवा हंगाम.

"ए ट्रम्पेट, तुझी ती चाल नव्या डावखुऱ्याला देऊ या का?" हिदाकासाननी विचारलं. "उगाच वाया जातेय."

"नको. तो खेळाडू अजून बाद झालेला नाही."

हिदाकासान ढोलावरचं पाणी बाहीने पुसत राहिले.

समोरच्यांचा डाव सुरू झाला. एक सुंदर फटका गेला. मागे, वरच्या रांगेत कुठेतरी, चुकून टाळ्या वाजल्या.

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर दुसरंच कुणीतरी निघालं असतं.