वजन किती चालेल?

"हा घेऊ नका. दिसायला देखणा आहे, पण मोठं थ्रीडी मॉडेल उघडलंत की रडेल."

मी वळून पाहिलं. सुट्टीच्या दिवशीही कंपनीचाच निळा शर्ट घातलेला एक उंच मुलगा... आणि डोळ्यांत असं हसू, की रागवावं की नाही तेच कळेना. गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी, त्यामुळे चिंचवडचं ते लॅपटॉपचं दुकान आमच्यासारख्यांनीच भरलं होतं.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही. विचारलं असतं तर लाजलो असतो."

त्याचं नाव केयूर. तो चाकणला साच्यांची डिझाइन्स करायचा, आणि मीही तेच काम दुसऱ्या कंपनीत करायचे. पण बाबांना अर्धांगवायू झाला आणि तळेगावच्या घरात त्यांच्याजवळ माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. नोकरी सोडून घरूनच डिझाइनची कामं घ्यायची होती मला. मग तो अगदी डॉक्टरसारखा एकेक विचारत गेला. बॅटरी किती वेळ टिकायला हवी? वजन किती चालेल?

"कितीही चालेल," मी हसत म्हणाले. "मी आता घर सोडून कुठेही जाणार नाही. कधीच."

त्याने मान डोलावली. मेल, बिलं, बाबांची भजनं कुठल्याही मशीनवर चालतील, म्हणाला. पैसे घालायचे ते रॅममध्ये आणि वेगळ्या ग्राफिक्स कार्डात. बत्तीस जीबी हवीच.

मग प्रत्येक गुरुवारी, दोन-तीन तास शेजारणीला बाबांजवळ बसवून, नवं दुकान. एक लॅपटॉप फार तापायचा, दुसऱ्याची रॅम पुढे वाढवता येत नव्हती, तिसऱ्याच्या स्क्रीनवर आमचेच चेहरे दिसायचे – तो मात्र आम्ही बराच वेळ पाहिला. 'अहो'चं 'अगं' कधी झालं कळलंही नाही. कीबोर्ड तपासताना त्याचं बोट माझ्या बोटाला लागायचं आणि दोघंही मुकाट्याने टाइप करत राहायचो. तो काहीतरी विचारेल म्हणून मी वाट पाहायचे. तो फक्त प्रोसेसरबद्दल बोलायचा.

शेवटी त्याने एक निवडला. चांगला जाडजूड, विटेएवढा चार्जर असलेला. आमच्या घरी येऊन सगळी सॉफ्टवेअर घालून दिली. बाबा आतल्या खोलीत झोपले होते.

"सोमवारी गुजरातला जातोय, साणंदला," स्क्रीनकडे बघतच तो म्हणाला. "कंपनीचा नवा प्लांट. कायमचा."

"आणि हे मला आज सांगतोस?"

"पहिल्याच दिवशी तू म्हणालीस, कधीच जाणार नाही. गिऱ्हाइकाने ड्रॉइंगवर सही केली की आपण पुन्हा विचारतो का, सुखदा? मी ते धरूनच चाललो. हा जड लॅपटॉपसुद्धा म्हणूनच निवडला."

असा संताप आला! "तेव्हा मी तुला ओळखत तरी होते का? नंतर एकदा तरी विचारायचंस. मी... माझं प्रेम आहे तुझ्यावर, मूर्ख माणसा."

त्याने स्क्रीनवरून नजर उचलली. मग अगदी हळू म्हणाला, "आत्ता विचारतो. येशील?"

आतून बाबांची हाक आली. त्यांना माझं नाव पुरतं उच्चारता येत नाही, "सु..." एवढंच येतं. मी ओठ उघडले, पण हो निघेना. नाहीसुद्धा निघेना. नुसते डोळे वाहायला लागले.

केयूरच आत गेला. बाबांना उशीला टेकवून बसवलं, पाणी पाजलं, हनुवटी पुसली. बाहेर येऊन त्याने माझ्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि चपला घातल्या.

"तू पहिल्यांदा सांगितलंस तेच खरं होतं," तो म्हणाला.

आता रोज मी त्या लॅपटॉपवर साचे काढते. केवढंही मोठं मॉडेल उघडा, तो तापत नाही, अडकत नाही, कुरकुरत नाही. एकदा तरी बिघडला असता, तर फोन करायला निमित्त मिळालं असतं.