आलो, आलो

पंखा लावा, पण दिवा मोठा करू नका, डोळ्यांत जातो. आणि तू रे भाचेबुवा, सोमवारपासून त्या धुण्याच्या पावडरच्या कारखान्यात साहेब होणार ना? मग तू पुढे सरक. ही गोष्ट माझ्या धाकट्या साडूच्या बाबतीत घडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो याच पायरीवर बसला होता. चहाची बशी पुढे केली, तर त्याने ती परत सरकवली.

"मामा, साडूकाका तर झुरळालाही घाबरतात," भाची म्हणाली.

झुरळाला घाबरतो म्हणून ही गोष्ट खोटी होत नाही. ऐक.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्री साडेनऊला साडूने जेवून हात धुतले, पिशवीत पाने-पक्कड घातली आणि निघाला. तो काही कारखान्याचा नोकर नाही. मशीन अडलं की त्याच्या दारात गाडी पाठवतात, चाललं की रस्त्यात ओळख दाखवत नाहीत. त्या रात्री घोडं अडलं होतं मिक्सरपाशी, आणि सकाळी मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला यायचं होतं.

मिक्सर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे. खोलीएवढं लोखंडी पिंप, आडवं पडलेलं. आत वळसेदार पाती. वरच्या तोंडातून माणूस उतरतो आणि भिंतींना चिकटलेली पावडर खरवडतो. कामगार त्याला 'पोट' म्हणतात. नाव बरोबर आहे. खाण्यासाठीच ठेवलंय ते.

त्या पोटात आधी एकजण गेला होता. त्याला सगळे वडीवाला म्हणायचे. गावात त्याची साबणाची शेड होती. स्वतः साबण ओतायचा, तारेने वड्या कापायचा, हाताखाली तीन माणसं. मग कारखाना आला आणि पावडर मातीमोल विकायला लागला. गाव तुटून पडलं. इकडे वड्या फळ्यांवर वाळून तडकल्या. शेडला टाळं लागलं, त्याच महिन्यात पावडरचा भाव चढला. वडीवाला आणि त्याची तिन्ही माणसं कारखान्यात खरवडायला लागली. उद्घाटनाच्या भाषणात याला 'रोजगारनिर्मिती' म्हणाले होते. आधी माणसाचे हात रिकामे करायचे, मग त्याच हातांत खरवडणी ठेवायची, वर टाळ्या घ्यायच्या!

पूर्वी नियम होता. आत उतरणाऱ्याने स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी खिशात ठेवायची. पण कुलूप लावा, कुलूप काढा, यात उत्पादन मागे पडतं म्हणे. मालकाच्या लेकाने फर्मान काढलं, यापुढे आवाजावर चालवा. बाहेरच्याने विचारायचं, 'झालं का?' आतला वर आला की म्हणेल, 'आलो.' मग बटण दाबायचं. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

"पण मामा, पद्धत सोपी आहे की," भाचा म्हणाला.

सोपी? तुझी आई जेवायला हाक मारते तेव्हा काय म्हणतोस?

"आलो म्हणतो."

आणि असतोस कुठे?

"अंथरुणात!" भाची ओरडली. "मोबाइल घेऊन!"

तेच तर. आपल्यात 'आलो' म्हणणारा माणूस अजून आलेला नसतो. हे शेंबड्या पोराला कळतं. पण परदेशी पदवी घेऊन काचेच्या खोलीत बसणाऱ्याला कळायला त्याने कधी कुणाच्या हाकेला ओ द्यायला हवी होती ना!

एका दुपारी चहा आला. कुणीतरी हाक मारली, "वडीवाले, चहा!" पोटातून आवाज आला, "आलो, आलो!"

बाहेरच्याने बटण दाबलं.

...

चौकशी झाली. कंपनीने काय लिहावं? 'मृताने स्वतःच बाहेर आल्याचे सांगितले.' म्हणजे जीव गेला तोच खोटारडा! दारावरचा 'आपण एक कुटुंब' हा फलक त्याच आठवड्यात धुऊन पुसून चकचकीत केला. बायकोला शिलाई मशीन दिलं, ते देताना फोटो काढून घेतला. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात. आणि हो, पद्धत सुधारली बरं का. यापुढे 'आलो' दोनदा म्हणायचं ठरलं.

वडीवाला दोनदाच म्हणाला होता. त्या शहाण्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

तर, साडू पोहोचला. ज्याने बटण दाबलं होतं, तो कधीच गाव सोडून गेला होता. रात्रपाळीतला कुणी त्या बटणाला हात लावायला तयार नाही. म्हणून टायसाहेब स्वतः उभे. हा तिथला मोठा अधिकारी. रात्रीसुद्धा टाय लावतो, झोपेत ढिला करत असेल.

साडूने विचारलं, "साहेब, स्विचला कुलूप?"

"मी स्वतः उभा आहे ना! माझ्यावर विश्वास नाही?"

घरी माझी मेहुणी बाळंतपणाला टेकलेली. साडूला वाटलं, निघून जावं. पण हे काम सोडलं तर पुन्हा गाडी येणार नाही. तो उतरला.

आत पावडरीचा वास. नाक झोंबणारा. शेवटच्या पात्याचा बोल्ट ढिला झाला होता. साडू पालथा झाला, टॉर्च दातांत धरली आणि दोन्ही हातांनी बोल्ट आवळू लागला. बाहेरची मशीनं एकेक करून थांबली. जेवणाची सुट्टी. सगळं शांत.

वरून हाक आली, "झालं का?"

साडूच्या तोंडात टॉर्च. बोलता येईना. हाताने काढणार, तेवढ्यात...

मागून.

पोटाच्या अंधाऱ्या टोकाकडून...

"आलो, आलो!"

हसरा आवाज. चहाला बोलावलेल्या माणसाचा.

साडूने मान वळवली. उजेड फिरला. पाती. पांढरी भिंत. कुणी नाही.

टॉर्च पडली. विझली. तो ओरडायला गेला. तोंड उघडतो न उघडतो तोच

बाहेर...

टक्.

हिरवं बटण.

त्याने डोळे मिटले. बायकोचं नाव घेतलं. मनातल्या मनात.

...

काही नाही.

टक्. टक्. टक्.

काहीच नाही.

हातपाय सोलपटून घेत तो वर आला. टायसाहेबाचा अंगठा अजून बटणावर.

"साहेब... मी आत होतो!"

"अहो, 'आलो, आलो' म्हणालात ना? मी नीट दोनदा ऐकलं. पद्धतीप्रमाणे." मग कपाळाला आठ्या घालून, "पण हे चालू का होत नाही?"

बघा. समोर मरता मरता वाचलेला माणूस, आणि याला काळजी मिक्सरची. असल्या माणसाला भूतसुद्धा धरत नाही. त्याच्यात धरण्यासारखं काही असेल तर ना!

साडूचं लक्ष गेलं. स्विचच्या पेटीवर हिरव्याशेजारी लाल बटण असतं. ते आत गेलं की मशीन काही केल्या सुरू होत नाही. ते आत गेलं होतं. पार पत्र्याच्या खाली.

"हे कुणी दाबलं?"

"कुणी कसं दाबेल? इथे मी एकटाच आहे," टायसाहेब म्हणाले. आणि पहिल्यांदाच त्यांनी मागे वळून पाहिलं.

पिळून पाहिलं, पकडीने ओढलं. बटण वर येईना. साडूने पिशवी उचलली आणि तो चालत घरी आला. गाडीत बसला नाही.

"टायसाहेबांचंच कोपर लागलं असेल, मामा," भाचा म्हणाला. पण म्हणता म्हणता आणखी पुढे सरकला.

असेल की. मीही साडूला हेच म्हणालो. पण सकाळी कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनने ती पेटी उघडली. तिची चावी त्याच्या एकट्याकडे असते, आणि रात्री तो त्याच्या घरी होता. साडूला त्यानेच येऊन सांगितलं, तेव्हा मीही इथेच बसलो होतो.

लाल बटणाच्या मागे लोखंडी दांडी असते, करंगळीएवढी. ती पिळवटून वीतभर लांब झाली होती. पोरांनो, दाबून दांडी लांब होत नाही.

ते बटण बाहेरून कुणी दाबलंच नव्हतं. बंद पेटीच्या आतून कुणीतरी ओढून धरलं होतं.