बदलीचा हात

चिंचेचा पाला, कोण दारी आला,
मोजून घ्या डोकी, एक जास्ती झाला.

खडकीच्या क्वार्टर्समध्ये, चिंचेखालच्या सिमेंटच्या कट्ट्यावर, शकू हे म्हणत पत्ते वाटायची. शब्दागणिक एक पान. आवाज थोडा घोगरा, सकाळी नुकतीच उठून आल्यासारखा. प्रत्येक पान उचलताना ती बोट जिभेला लावायची आणि तिचा धाकटा भाऊ रविराज चिडायचा, "थुंकी नको ना लावू गं." मग ती पुढच्या पानाला मुद्दाम लावायची.

पंचवीसएक वर्षं झाली या गोष्टीला. पण त्याच कट्ट्यावर शकूबरोबर खेळणाऱ्या मिसबाच्या कानातून तो आवाज काही गेला नाही.

त्या कट्ट्याची एक रीत होती, ती तिला पुढे कुठेच दिसली नाही. सगळ्यांचे बाप फॅक्टरीत पाळीने जाणारे. एकाची पाळी संपली की त्याच्या जागी दुसरा उभा राहायचा, मशीन थांबायची नाही. पोरांनी तेच उचललेलं. डाव रंगात असताना घरून हाक आली, की पत्ते पालथे ठेवायचे, 'बदली' म्हणायचं आणि उठायचं. पुढचं पोर येऊन तो हात उचलायचं. त्याशिवाय डाव मिटला असं कुणी म्हणायचं नाही.

एका दुपारी शकूला आईची हाक आली. अंगात ताप, डोळे लाल. तिने पत्ते पालथे ठेवले, बदली म्हणाली आणि गेली. दवाखान्यात नेली ती परत आली नाही. तो हात कुणी उचलला नाही. रविराजने त्यानंतर बहिणीचं नाव तोंडातून काढलं नाही. मिसबानेही ते त्याच्यासमोर कधी काढलं नाही.

आता मिसबा बिबवेवाडीत राहते, तिसऱ्या मजल्यावर. खाली रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्याचं दुकान. दिवसभर शिलाई मशीनची घरघर जिन्यातून वर येते, तिच्या पाठोपाठ रेक्झिनचा वास. बाहेरच्या खोलीत भिंतभर कपाट आहे आणि कपाटभर खेळांची खोकी. कुणाला कुठला खेळ घ्यावा हे विचारायचं असलं, की लोक तिलाच विचारतात. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती जण आहात?" नव्या जोडप्याला ती दोघांचा खेळ सांगते. एकत्र कुटुंबाला थापा मारायचा, म्हणजे घरातलं सगळं बाहेर निघतं. पलीकडच्या गेनबाकाकांना तिने जमिनी विकत घ्यायचा खेळ दिला होता. त्यांची खरी जमीन बिल्डिंगांखाली गेलेली. काका चार तास खेळले आणि एक प्लॉट विकला नाही. "एकदा इकलीया, आता नाय," म्हणाले.

एकच खेळ ती कुणाला सुचवत नसे. त्याचं नाव 'धुकं'. काळपट समुद्राचा बोर्ड, एका कडेला धक्का. सात होड्या धुक्यातून धक्क्याला लावायच्या. कुणी कुणाविरुद्ध नाही, सगळे मिळून धुक्याविरुद्ध. पाळीपाळीने एकेक पान टाकायचं आणि डाव मिटेपर्यंत कुणी अवाक्षर बोलायचं नाही. एक होडी बुडाली की सगळेच हरले.

दिवाळीनंतर दर रविवारी संध्याकाळी ते तिघं धुकं खेळत होते आणि दर रविवारी हरत होते. मिसबा, रविराज आणि शेफाली. शेफाली मिसबाच्या ऑफिसातली. मूळची नगरची, राहायला कात्रजला. बोलायला कमी, पण खेळायला चोख. खडकी तिने फक्त लोकलच्या खिडकीतून पाहिलेली.

हरण्याचं कुणाला काही नव्हतं. गोष्ट वेगळीच होती. मिसबा तिघांना पत्ते वाटायची आणि टेबलावर चार हात पडलेले असायचे.

पहिल्यांदा ते हसले. "आयटीवाल्यांना तीनपर्यंत मोजता येत नाही," रविराज म्हणाला. मिसबाने चौथा हात उचलून गड्डीत मिसळला. पुढच्या रविवारी पुन्हा चार. मग तिने एकेक पान मोजून वाटलं. तरी चार. रिकाम्या वेताच्या खुर्चीपुढे पाच पत्ते पालथे, कडेला कड लावून. उचलताना त्यांचे कोपरे दमट लागायचे. चहाच्या पेल्याखाली पाणी सांडत असेल, असं मनाशी म्हणून ती टेबल पुसायची.

रविराज हसायचा थांबला होता. मागच्या रविवारी तो जिन्यात उभा राहिला.

"गंमत म्हणून करत असशील, तर पुरे झालं, मिसबा."

"मी करत नाहीये."

"पत्ते तूच वाटतेस."

तिने जिन्यातला दिवा लावला.

"येत्या रविवारी येतो," तो म्हणाला. "मग नको बोलावूस मला."

आठवडाभर मिसबाला अन्न गोड लागलं नाही. अम्मी केव्हाच गेली, अब्बा गेल्या वर्षी. लहानपणी मिसबा कशी रडायची आणि कशी रडी खेळायची, हे माहीत असलेला रविराजच तेवढा उरला होता. तोही तिला खोटारडी समजून जिना उतरून जाणार होता.

म्हणून त्या रविवारी तिने गड्डी शेफालीपुढे सरकवली. "आज तू वाट."

पंखा बंद केला. खाली मशीन चालू होती. शेफालीने पत्ते पिसले आणि निवांत वाटले. रविराजची नजर तिच्या बोटांवरून हलली नाही.

चार हात.

"किती वाटलेस?" त्याने विचारलं.

शेफालीने त्याच्याकडे पाहिलं. मग वेताच्या खुर्चीकडे. मग मिसबाकडे.

"चार."

"का?"

तिने केस कानामागे सारले. "चुकलं का माझं?"

रविराज अर्धवट उठला. मिसबाने त्याचं मनगट धरलं. खोटारडी नाही हे सिद्ध झालं होतं, पण तिला ते आता सुचलंसुद्धा नाही.

"बस, रव्या. आज तो हात मिसळायचा नाही."

"आणि खेळणार कोण?"

"पालथाच राहू दे. पाळी आली की वरचं पान मी उलटीन." तिने त्याचं मनगट सोडलं. "बदलीचा हात आहे."

तो शब्द त्या दोघांत इतक्या वर्षांनी आला होता. रविराज खाली बसला. मग त्याने स्वतःचे पत्ते उचलले.

बोलणं थांबलं. डाव सुरू झाला.

पहिली होडी खडकाशी अडकलेली. रविराजने वारा टाकला, शेफालीने वल्हं. मिसबाजवळ कामाचं काही नव्हतं. तिने चौथ्या हाताचं वरचं पान उलटलं. कंदील. नेमका तोच हवा होता.

योगायोग, तिने मनात म्हटलं. गड्डीत कंदील बरेच असतात.

दुसऱ्या फेरीला भरती निघाली. दोन होड्या एकदम धक्क्याला लागल्या. तिसऱ्या फेरीला दोरखंड. गड्डीत दोरखंड एकच असतो.

खाली मशीन थांबली होती. कधी, ते कळलं नाही. वेताची खुर्ची करकरली, कुणी पुढे झुकून बसावं तशी.

चौथ्या फेरीला मिसबाने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

पान उलटलेलं होतं.

तिने रविराजकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते. शेफालीचेही.

सहा होड्या लागल्या.

सातवी भर समुद्रात. धुक्याचा ठोकळा तिच्या मागे एका घरावर.

रविराजचं शेवटचं पान गेलं. शेफालीचं गेलं. मिसबाचं गेलं.

होडी तिथेच.

खुर्चीपुढे एक पान उरलं होतं. कोपरा ओला, चकाकणारा.



पान उलटलं. सावकाश, आधी एक कड, मग सगळं.

ओहोटी. धुकं मागे सरतं.

रविराजने होडी उचलून धक्क्याला अशी टेकवली की बाकीच्या सहा घरंगळल्या. मग त्याने टेबलावर थाप मारली आणि ओरडला, कट्ट्यावर ओरडायचा तसा, गळ्याच्या शिरा ताणून. मिसबा उठून त्याच्या गळ्यात पडली. शेफाली टाळ्या वाजवत होती. खालून सीटवाल्याने विचारलं, "काय झालं हो? मॅच जिंकली का?"

रविराज खिडकीशी गेला. डोळे वाहत होते आणि चेहरा हसत होता.

"शकू जिंकली," तो खाली बघून म्हणाला. मग जरा मोठ्याने, चव घेतल्यासारखं, "माझी बहीण. शकू."

"अभिनंदन सांगा," सीटवाला म्हणाला आणि मशीन पुन्हा सुरू झाली.

मिसबाने चहा टाकला. आलं जास्त, साखरही जास्त. गाळताना तिने पंचवीस वर्षांपूर्वीचा तो डाव मनातल्या मनात मिटवून टाकला आणि तिला हलकं वाटलं, दप्तर काढून ठेवल्यासारखं. बाहेर येऊन तिने खोकं कपाटात सगळ्यांत वरती, समोर दिसेल असं ठेवलं.

"आता सुचवीन मी हा लोकांना."

"किती जणांचा म्हणून सांगशील?" रविराजने विचारलं.

"चौघांचा."

तो पुन्हा हसला. पुढच्या रविवारी मिसळ कुणी आणायची, यावर दोघं भांडायला लागले. शेफाली पेला दोन्ही हातांत धरून बसली होती.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "दिवाळीपासून सांगायचं होतं. पण तुम्ही कुणीच त्यांच्याशी बोलत नव्हतात. म्हटलं, तुमच्यात काही भांडण असेल, नवीन माणसाने मध्ये कशाला पडावं." तिने चहाचा घोट घेतला. "आता सगळं नीट झालंय, तर तुम्हीच सांगा ना शकूताईंना. चाळिशीचा चष्मा वर सारतात, बोट जिभेला लावतात आणि मगच पान उचलतात. दर वेळी. पत्ते खराब होतात."